चंद्रही उपग्रह, टीव्हीचाही उपग्रह. मग ग्रहण एकाचेच का?



रविवार, ७ सप्टेंबर २०२५. भाद्रपद पौर्णिमा. आमच्या वस्तीतील बुद्धविहारात संध्याकाळची वंदना नेहमीप्रमाणे झाली. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. मुलांना ते डोळ्यांनी पाहता यावे म्हणून आम्ही विहाराच्या गच्चीवर सतरंज्या अंथरल्या. मुले आली, तरुण आले, महिला मंडळाच्या भगिनी आल्या. पण दर पौर्णिमेला पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक आजी आणि त्यांची सून काही दिसल्या नाहीत. शेजारच्या मुलीला बोलवायला धाडले. ती परत येऊन म्हणाली, "वहिनीला आठवा महिना चालू आहे ना, म्हणून दुपारी वेध लागल्यापासून तिला आत निजवून ठेवलंय. हलायचं नाही, खायचं नाही, पाणी पण नाही. आजी बाहेर टीव्ही बघतायत."

रात्री साडेदहाच्या सुमारास त्या सुनेला घेरी आली. वस्तीत राहणाऱ्या एक नर्सताई धावल्या. त्यांनी तिला उठवून बसवले, साखर-मिठाचे पाणी पाजले, मग वरण-भात खायला घातला. थोडक्यात निभावले.

हे लिहिताना त्या घराला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्या घरात तथागतांची मूर्ती आहे, परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. आजी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्याचे एकही वर्ष चुकवीत नाहीत. म्हणूनच आम्हाला हा विषय त्या एका घराचा वाटत नाही. आपल्यापैकी किती घरांत त्या रात्री हेच घडले असेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

पुढच्या रविवारी बालवर्गात सातवीतल्या एका मुलीने आम्हाला प्रश्न केला. "सर, पुस्तकात लिहिलंय, चंद्र पृथ्वीचा उपग्रह आहे. बाबा म्हणतात, टीव्हीपण उपग्रहावरून दिसतो. मग दोघंही उपग्रहच ना? मग ग्रहण फक्त चंद्राचंच का पाळतात?"

खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर गप्प झालो. एवढा सरळ प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. आजचा हा लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले उत्तर आहे.

उपग्रह म्हणजे काय?

सूर्य हा तारा आहे. तो स्वतः जळतो आणि प्रकाश देतो. सूर्याभोवती जे मोठे गोल फिरतात ते ग्रह. आपली पृथ्वी हा एक ग्रह. आणि जो ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह. एवढीच व्याख्या आहे. त्यात कुणी बनविला, कशाने बनविला याचा प्रश्न येत नाही.

आता पंचांगातले नवग्रह या व्याख्येवर घासून पाहा. सूर्य ग्रह नाही, तारा आहे. चंद्र ग्रह नाही, उपग्रह आहे. राहू आणि केतू या तर वस्तूच नाहीत. चंद्राची वाट आणि सूर्याची आकाशातली वाट जिथे एकमेकींना छेदतात, त्या दोन जागांना ती नावे दिली आहेत. रस्त्यांच्या चौकाला नाव असते, पण चौक कुणाला गिळत नाही. म्हणजे नवग्रहांतले चार वगळले की मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे पाचच खरे ग्रह उरतात.

त्या ग्रहांनाही उपग्रह आहेत. मंगळाला दोन आहेत. ते १८७७ साली दुर्बिणीतून सापडले. गुरूचे चार मोठे उपग्रह गॅलिलिओने १६१० साली पाहिले. आज गुरूच्या उपग्रहांची मोजणी नव्वदीच्या पुढे गेली आहे. आणि ज्या शनीच्या साडेसातीला भिऊन आपली माणसे शनिवारी तेल वाहतात, त्या शनीला अडीचशेहून अधिक उपग्रह आहेत. एवढा गोतावळा सांभाळणाऱ्याला आमच्या चाळीतल्या खोलीकडे बघायला वेळ तरी कुठला?

हे सारे उपग्रह निसर्गात आपोआप घडले. त्यांना नैसर्गिक उपग्रह म्हणतात. आपल्या पृथ्वीला असा कायमचा नैसर्गिक उपग्रह एकच: चंद्र. माणसाने यंत्र बनवून पृथ्वीभोवती फिरायला सोडले की तो झाला कृत्रिम उपग्रह.

नारळ आणि लिंबू

मुलांना हे समजावण्यासाठी आम्ही बालवर्गात एक नारळ आणि एक लिंबू आणायला सांगितले. हसू नका. आजवर या दोन वस्तू दाराला बांधण्यासाठी आणि अंगावरून उतरविण्यासाठी वापरल्या गेल्या. आम्ही त्या शिकण्यासाठी वापरल्या. घरी तुम्हीही करून पाहा.

नारळ म्हणजे पृथ्वी समजा. लिंबू म्हणजे चंद्र. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७५० किलोमीटर आणि चंद्राचा ३,४७४ किलोमीटर, म्हणजे हे माप साधारण बरोबर बसते. आता लिंबू नारळापासून किती लांब ठेवायचे? मुलांनी कुणी एक वीत म्हटले, कुणी दोन हात. खरे उत्तर आहे पंधरा फूट! चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. एक मुलगा लिंबू घेऊन विहाराच्या दारापर्यंत गेला, तेव्हा कुठे ते अंतर भरले.

मग माणसाचे उपग्रह कुठे? अवकाशात अनेक देशांनी मिळून बांधलेले आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आहे. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. नारळाच्या मापाने ही उंची अर्धा सेंटिमीटर भरते. म्हणजे नारळाला अगदी चिकटूनच! टीव्हीचे उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. नारळाच्या मापाने ते जेमतेम एक हात अंतर झाले. हे अंतर ध्यानात ठेवा. ग्रहणाचे सारे कोडे त्यातच सुटणार आहे.

पडतो, पण जमिनीला लागत नाही

आता मुलांचा दुसरा प्रश्न: हे खाली का पडत नाहीत?

पडतात! सतत पडतात. गच्चीवरून दगड आडवा फेका. तो थोडा पुढे जाऊन खाली पडेल. जोरात फेका, आणखी पुढे पडेल. समजा इतक्या जोराने फेकला की तो खाली येतो तोवर गोल पृथ्वीची जमीनच तेवढी खाली वळलेली असते. मग तो पडतच राहील, पण जमिनीला लागणार नाही. पृथ्वीला फेरी घालत राहील. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी न्यूटनने उंच डोंगरावरच्या तोफेचा दाखला देऊन हेच सांगितले होते. हवा नसलेल्या उंचीवर नेऊन तो दगड ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फेकावा लागतो. त्या वेगाने मुंबईहून नागपूरला जायला दोन मिनिटेही लागणार नाहीत.

चंद्राला लागू असलेला नियम हाच आहे आणि यंत्राला लागू असलेला नियमही हाच आहे. उपग्रह जितका जवळ, तितका त्याचा वेग जास्त. अवकाश स्थानक सुमारे दीड तासात एक फेरी पूर्ण करते, दिवसाला सोळाच्या आसपास. चंद्र दूर, म्हणून सावकाश. त्याच्या एका फेरीला २७ दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो. आणि मधल्या टीव्हीच्या उपग्रहाला बरोबर एक दिवस लागतो. तेवढ्याच वेळात पृथ्वीही स्वतःभोवती एकदा फिरते, म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी थांबलेला भासतो. तो विषुववृत्ताच्या वर असतो आणि आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो. त्यामुळे आपल्याकडच्या घरांवरील टीव्हीच्या छत्र्या पाहा, त्या दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून असतात. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, तिकडे दार नको, तिकडे तोंड करून जेवू नको, असे सांगणाऱ्यांच्या छपरावरची छत्रीही दक्षिणेकडेच बघत असते!

एक घडला, दुसरा घडविला

मग फरक कशात?

पहिला फरक उगमाचा. चंद्र सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी घडला. नव्याने बनलेल्या पृथ्वीवर मंगळाएवढा एक गोल आदळला, त्या धडकेतून उडालेला मलबा एकत्र येऊन चंद्र बनला, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. १९६९ ते १९७२ या काळात माणसे चंद्रावर उतरली आणि तिथले ३८२ किलो दगड-माती घेऊन आली. त्या दगडांच्या तपासणीने या मताला बळ मिळाले. तिथे ना देव सापडला, ना ससा, ना हरीण.

पहिला कृत्रिम उपग्रह 'स्पुटनिक' सोव्हिएत रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडला. ती तारीख पाहा. नागपूरच्या धम्मदीक्षेला एक वर्ष पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी होते. बाबासाहेब तो क्षण पाहायला आपल्यात नव्हते. स्पुटनिक होता केवढा? ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा, वजन ८३.६ किलो. म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्यांपेक्षाही कमी. आपल्या देशाचा पहिला उपग्रह 'आर्यभट' १९ एप्रिल १९७५ रोजी रशियन रॉकेटमधून गेला. जुन्या दोन रुपयांच्या नोटेच्या मागे त्याचे चित्र होते, ते अनेकांना आठवत असेल.

दुसरा फरक हेतूचा. चंद्राला हेतू नाही. तो कुणावर प्रसन्न होत नाही, कुणावर कोपत नाही. समुद्राची भरती-ओहोटी मुख्यतः त्याच्या ओढीने होते, कोळीबांधव तिच्या वेळा पाहून होडी लोटतात. पण चंद्राला त्याची खबरही नाही. कृत्रिम उपग्रहाला मात्र माणसाने काम नेमून दिलेले असते. १९८३ साली 'इन्सॅट-१बी' गेला आणि पुढच्या वर्षांत दूरदर्शन देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. मोबाईलवर नकाशा बघून घरोघर पार्सल पोहोचविणाऱ्या आपल्या मुलांना वाट दाखवितात ते उपग्रहच. चक्रीवादळ समुद्रावर असतानाच त्याचे छायाचित्र मिळते. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली 'फायलिन' वादळ आले, तेव्हा आधीच मिळालेल्या इशाऱ्यामुळे लाखो लोकांना वेळेत हलविता आले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला.

तिसरा फरक आयुष्याचा. कृत्रिम उपग्रहाचे इंधन दहा-पंधरा वर्षांत संपते, यंत्रे झिजतात. खालच्या उंचीवरचे उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली येऊन जळतात. स्पुटनिक तीन महिन्यांत जळाला, आर्यभट १९९२ साली. पण म्हणून चंद्र अढळ आहे असे समजू नका. तोही दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने पृथ्वीपासून दूर सरकतो आहे. साधारण आपली नखे वाढतात त्या गतीने! चांद्रवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून प्रकाशकिरण सोडून ते मोजले गेले आहे. सब्बे संखारा अनिच्चा, हे आपण वंदनेत म्हणतो. कारणांनी जे घडते ते बदलते. चंद्रही त्याला अपवाद नाही.

ग्रहण दोघांचेही

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

चंद्र काय किंवा यंत्र काय, दोघांनाही स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा प्रकाश पडला तरच ते दिसतात. पृथ्वीच्या पाठीमागे, सूर्याच्या विरुद्ध बाजूला, पृथ्वीची लांब सावली पडलेली असते. चंद्र त्या सावलीत शिरला की चंद्रग्रहण. ७ सप्टेंबरला रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्र सावलीत शिरू लागला, ११ वाजून १ मिनिटाने पूर्ण बुडाला, १२ वाजून २२ मिनिटांनी बाहेर येऊ लागला. पूर्ण बुडालेला चंद्र तांबडा दिसला, कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून थोडासा तांबडा प्रकाश त्याच्यावर पडतो. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो, तसेच हे. रक्त नाही, राक्षस नाही.

मग प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण का नाही? नारळ-लिंबू आठवा. पंधरा फुटांवर नारळाची गडद सावली अर्ध्या वितीएवढीच रुंद उरते. चंद्राची वाट पाच अंशांनी तिरकी असल्यामुळे लिंबू कधी त्या सावलीच्या सव्वा फूट वरून, तर कधी सव्वा फूट खालून निघून जाते. म्हणून बहुतेक पौर्णिमांना ते सावलीतून निसटते.

पण जे यंत्र नारळाला चिकटून फिरते त्याचे काय? त्याची सुटका नाही. अवकाश स्थानक जवळजवळ प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सावलीतून जाते. म्हणजे त्याला दिवसातून सोळा वेळा ग्रहण लागते! आणि एक हातावरचा टीव्हीचा उपग्रह? त्यालाही लागते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे होण्याच्या सुमारास, मागेपुढे मिळून सुमारे दीड महिना, तो रोज मध्यरात्रीच्या सुमारास सावलीत जातो. हे ग्रहण सत्तर मिनिटांपर्यंतही चालते. अवकाश केंद्रातले इंजिनिअर त्यासाठी काय करतात? होमहवन नव्हे. उपग्रहात बॅटरी बसवितात. सूर्यप्रकाश असताना ती भरून घेतात आणि सावलीत तिच्यावर काम चालवितात.

बंधू-भगिनींनो, ७ सप्टेंबरची रात्र याच दिवसांतली होती. आत सून तहानेने व्याकूळ होऊन पडली होती, कारण चंद्र सावलीत जाणार होता. बाहेर टीव्ही चालू होता आणि तो ज्या उपग्रहावरून चालतो, तोही त्याच मध्यरात्री त्याच पृथ्वीच्या सावलीत जाणार होता! एका उपग्रहाच्या ग्रहणाने पोटातले बाळ बिघडते आणि दुसऱ्याच्या ग्रहणाने मालिकेचे चित्रसुद्धा हलत नाही, हा कुठला न्याय?

ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो म्हणतात. डॉक्टर सांगतात, बाळाचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. आठव्या महिन्यात सुरी धरल्याने तो फाटेल कसा? त्यामागे आनुवंशिकता, गर्भारपणी तंबाखू, काही औषधे, पोषणातील उणिवा अशी कारणे असू शकतात. पुष्कळदा नेमके एक कारण सांगताही येत नाही. पण सावली हे कारण कधीच नसते. असे बाळ जन्मले तर आईला दोष देऊ नका. शस्त्रक्रियेने ओठ जुळविता येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. पोटुशीला मात्र तासन्‌तास पाणी न देणे हे खरेच धोक्याचे आहे. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. फक्त सूर्यग्रहण कुणीच, बाई असो वा पुरुष, उघड्या डोळ्यांनी पाहू नये. त्यासाठीचा खास चष्मा वापरावा. ते बंधन प्रखर सूर्यप्रकाशामुळे आहे, राहूमुळे नाही.

'दे दान, सुटे गिराण'

हे सारे आम्ही बालवर्गात सांगत होतो, तेव्हा त्या आजी मागे येऊन बसल्या होत्या. आमचे बोलणे संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "माझी आजी गिराणाच्या रातीला टोपली घेऊन दारोदार जायची. 'दे दान, सुटे गिराण' म्हणून ओरडायची. सुटलं की लांबून टोपलीत जोंधळे टाकायचे. मीबी तिच्या लुगड्याला धरून एकदा गेले होते."

विहारात शांतता पसरली. तरुण मुलांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. ग्रहण लागले की महार-मांगांनी गावात ओरडत फिरायचे आणि गावाने आपले अशुभ त्यांच्या टोपलीत टाकायचे, अशी रीत होती. आकाशातल्या राक्षसाचे नाते गावकुसाबाहेरच्या माणसाशी जोडले होते. सावली पृथ्वीची, पण विटाळ आमचा! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी शिळे-उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. माणसाने माणसासारखे जगावे म्हणून आपल्या आजा-पणजांनी गावाचा रोष पत्करून त्या रीती सोडल्या. आता ती टोपली आपण सोडली आणि ती भीती मात्र घरात ठेवून घेतली, तर काय मिळविले?

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी चंद्रग्रहण-सूर्यग्रहणाची भाकिते सांगून पोट भरण्याला मिथ्या उपजीविका म्हटले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी! आणि ज्याच्या नावाने आपला पहिला उपग्रह गेला, त्या आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले की चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने होते. या देशात ज्ञान नव्हते असे नाही. ते सर्वांपर्यंत पोहोचू दिले नाही, हे खरे दुखणे.

आपण पौर्णिमा पाळतो ती कशासाठी, हेही मुलांना सांगितले पाहिजे. घड्याळ-कॅलेंडर नसलेल्या काळात चंद्र हेच सर्वांना दिसणारे कॅलेंडर होते. भिक्खूंनी आणि उपासकांनी एकत्र जमायचा दिवस त्यावरून ठरे. चंद्र ही आपली खूण आहे, आपला देव नाही.

वरून पडले तर?

भीती नव्या यंत्रांचीही असते. ११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेचे 'स्कायलॅब' हे सुमारे ७७ टनांचे स्थानक कोसळले, तेव्हा जग बुडणार म्हणून आपल्याकडेही मोठी घबराट उडाली होती. त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले; कुणालाही इजा झाली नाही. अलीकडे २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळते गोळे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे येऊन पडले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात दीक्षा दिली, तोच हा जिल्हा. ते कडे कुठल्याही देवाचे चक्र नव्हते. चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असे जाणकारांनी सांगितले. अशी वस्तू दिसली तर तिची पूजा करू नये आणि तिला हातही लावू नये. पोलिसांना कळवावे.

हे हात कुणाचे?

शेवटचा फरक आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. चंद्र घडायला कुणाचे हात लागले नाहीत. कृत्रिम उपग्रह मात्र हातांनीच बनतो. १९८१ साली आपला 'ॲपल' हा दळणवळणाचा उपग्रह तपासणीसाठी चक्क बैलगाडीवर ठेवला होता. धातूच्या गाडीने तपासणीत अडथळा येऊ नये म्हणून लाकडी बैलगाडी निवडली. त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात रॉकेटची 'विकास' इंजिने तयार झाली. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटच्या मोटारींची पोलादी कवचे बनली. तिथे वेल्डर लागतो, फिटर लागतो, टर्नर लागतो. केसाएवढी चीर राहिली तर सारे रॉकेट फुटते. तेव्हा आयटीआय करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी आपले काम हलके समजू नये.

आज माणसाचे दहा हजारांहून अधिक उपग्रह पृथ्वीभोवती काम करीत आहेत. २००८ साली तर आपल्या 'चांद्रयान-१' ने चंद्राभोवतीच फेऱ्या घातल्या; म्हणजे उपग्रहाचाच उपग्रह झाला! २३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चांद्रयान-३' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्यामागे कुठल्याही बाबा-बुवाचा मंत्र नव्हता. शिकलेली माणसे होती आणि काम करणारे हात होते. शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितले ते यासाठी.

संध्याकाळी दिवस मावळल्यावर तासाभरात मुलांना घेऊन गच्चीवर किंवा अंगणात जा. न लुकलुकता, सरळ रेषेत, शांतपणे जाणारा एखादा ठिपका दिसेल. लाल-हिरवे दिवे उघडझाप करीत असतील तर ते विमान. नाही तर तो माणसाचा उपग्रह. पुष्कळदा तो आकाशाच्या मध्यावर येऊन एकाएकी दिसेनासा होतो. घाबरू नका. तो पृथ्वीच्या सावलीत गेला. तेच त्याचे ग्रहण. मुलांना ते दाखवा आणि घरात जाऊन सर्वांनी पोटभर जेवा.

त्या घरी ऑक्टोबरमध्ये मुलगी जन्मली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. आजी नातीला घेऊन विहारात आल्या, तेव्हा आम्हाला म्हणाल्या, "सर, ते नारळ-लिंबाचं आणखी एकदा दाखवा. सुनेनं ऐकलेलं नाही अजून."

आम्ही नारळ आणायला मुलाला पाठविले. लिंबू आजींनी घरूनच आणले होते.

जय भीम! नमो बुद्धाय!